दाढेला कॅप बसवली तरी दुखतंय? किती दिवस थांबायचं आणि कधी डॉक्टर गाठायचा

दाढेला कॅप बसवायची म्हणजे हजारो रुपयांचं काम. रूट कॅनल, माप, कॅप असं करत तालुक्याला तीन-चार चकरा होतात, कामाचे दिवस मोडतात ते वेगळेच. एवढं करून दाढ परत ठणकायला लागली की माणूस वैतागतो. पैसे पाण्यात गेले म्हणत काही जण परत त्या डॉक्टरकडं जातच नाहीत. मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस काढतात आणि शेवटी वाचली असती अशी दाढ काढून टाकायची वेळ येते. म्हणून कॅपनंतरचं कोणतं दुखणं आपोआप जातं, कोणतं पाच मिनिटांत मिटतं आणि कोणतं जिवावर बेतू शकतं, हे माहीत असलेलं बरं.

कॅप बसवताना नेमकं काय होतं?

कॅप बसायला जागा हवी म्हणून दाढ चारी बाजूंनी आणि वरून साधारण 1 ते 2 मिलिमीटर घासली जाते. माप नीट यावं म्हणून बऱ्याचदा हिरडीच्या कडेला बारीक दोरा घालून ती थोडी बाजूला सारतात. माप लॅबला जातं, तिथून कॅप बनून येते आणि सिमेंटने पक्की केली जाते.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅप फक्त दाढेच्या वरच्या भागावर असते. मूळ हाडातच राहतं आणि भोवतीची हिरडीही तीच राहते. घरावर नवे पत्रे टाकले म्हणून पायातली ओल जात नाही, तसंच हे. त्यामुळे कॅपनंतर दुखलं तर ते बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून येतं: दाढेच्या आतली नस, भोवतीची हिरडी किंवा मुळाजवळचं हाड.

आठ-पंधरा दिवसांचं साधं दुखणं

भुलीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर बधिरपणा उतरायला दोन-चार तास लागतात. तोपर्यंत काही चावू नये, नाहीतर गाल किंवा जीभ चावली जाते आणि कळतही नाही. भूल उतरल्यावर दाढ थोडी ठसठसते, हिरडी हुळहुळते. हे तीन-चार दिवसांत कमी व्हायला लागतं.

रूट कॅनल न करता कॅप बसवली असेल तर आतली नस जिवंत असते. अशा दाढेला गार पाणी लागलं की सणक जाते. पाणी गिळल्यावर सणक लगेच थांबत असेल तर घाबरायचं कारण नाही. एक-दोन आठवड्यांत नस शांत होते.

ओळखायची खूण सोपी आहे. आजचं दुखणं कालच्यापेक्षा कमी असेल तर थांबा. तेवढंच असेल किंवा वाढत असेल तर दाखवा.

चावलं की कळ येते? कॅप उंच असेल

सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात सोपं दुखणं हे. कॅप केसभर जरी उंच राहिली तरी तोंड मिटताना सगळा भार त्याच दाढेवर येतो. भाकरीचा तुकडा चावला की कळ मस्तकात जाते.

आमच्या वस्तीवरच्या एका काकांनी कांदा काढणीच्या गडबडीत तीन आठवडे हे सहन केलं. एका बाजूने जेवायचं आणि रात्री गोळी घ्यायची, असं चाललं होतं. शेवटी गेले तेव्हा डॉक्टरांनी रंगीत कागद दातांत धरून चावायला लावलं, जिथं ठसा गडद उमटला तिथं कॅप थोडी घासली आणि काम झालं. दुखणं दोन-तीन दिवसांत गेलं.

म्हणून कॅप बसवली त्याच दिवशी खुर्चीवरून उतरण्याआधी तोंड उघडून-मिटून बघा आणि ‘उंच लागतंय’ असं सांगायला संकोच करू नका. भूल असताना अंदाज येत नाही. घरी गेल्यावर टोचलं तर दुसऱ्या दिवशी फोन करा. ‘सवय होईल’ म्हणून महिनाभर थांबलं तर मुळाभोवतीचा भाग सुजतो आणि दाढ हलायलाही लागू शकते.

रात्री ठणका, गरम चहाने वाढणारं दुखणं

गार किंवा गरम लागल्यावर कळ बराच वेळ टिकत असेल, काही न खाताही ठणका लागत असेल, झोपेतून जाग येत असेल, तर आतली नस खराब होत चालल्याची ही खूण आहे. अशा वेळी रूट कॅनल करावं लागतं. कॅप फुकट जाईल म्हणून लोक टाळतात. पण बऱ्याचदा कॅपला वरून बारीक छिद्र पाडून आतलं काम करता येतं आणि नंतर छिद्र बुजवतात.

‘रूट कॅनल केलंय, नस काढलीय, मग दुखतंच कसं?’ हा प्रश्न नेहमी येतो. नस गेली तरी मुळाच्या टोकाशी जंतूंचा संसर्ग राहू शकतो किंवा पुन्हा होऊ शकतो. वरच्या मोठ्या दाढेत बऱ्याचदा चौथी नळी असते. ती इतकी बारीक असते की सापडायलाच अवघड जाते. कधी मुळाला तडा गेलेला असतो. हे बाहेरून दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो.

हिरडी सुजली, रक्त येतं

कॅप बसवताना बाहेर आलेलं सिमेंट हिरडीखाली अडकून राहिलं तर हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. डॉक्टर ते साफ करून देतात. कॅपची कड नीट बसली नसेल किंवा शेजारच्या दातात फट राहिली असेल तर तिथं अन्न अडकतं आणि वास येतो. अशी कॅप कधी बदलावीच लागते. काही जणांना स्वस्त धातूच्या कॅपमधलं निकेल मानवत नाही. पूर्वी नकली दागिन्यांनी अंगाला खाज आलेली असेल तर हे आधीच सांगावं.

कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालची दाढ किडते. त्यामुळे दोन वेळा ब्रश आणि फटीत दातांचा दोरा फिरवणं गरजेचं आहे. सेफ्टी पिन, काडी किंवा बाभळीचा काटा घालू नये. दुखतंय म्हणून मिशरी लावणारे अजून बरेच आहेत. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी आणखी खालावते आणि जखम भरायला वेळ लागतो. साखरेचा आजार असेल तर हिरडीची सूज अंगावर काढू नये.

कॅप हलायला लागली किंवा निघाली

निघालेली कॅप डबीत ठेवून दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडं न्या. बऱ्याचदा तीच परत बसते. दुकानातल्या झटपट चिकटणाऱ्या गमने ती घरी चिकटवू नका, हिरडी भाजते. हलती कॅप तोंडात ठेवून झोपू नका, झोपेत ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना

गाल किंवा जबड्याखाली सूज येणं, ताप, तोंड पूर्ण न उघडणं, हिरडीतून पू येणं. यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, सूज गळ्याकडं उतरत असेल तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा, 108 नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दाढेचा पू गळ्यात उतरला तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

गोळ्या आणि घरगुती उपाय

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्या तर हिरडीला आराम पडतो. सूज असेल तर बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवा, शेक देऊ नका. लवंगाचं तेल जास्त लागलं की हिरडी पोळते. गोळी कुटून दाढेत भरली तरी तेच होतं.

दुखण्याच्या गोळीने कळ दबते, कारण तसंच राहतं. उन्हात काम, पाणी कमी आणि वरून रोज गोळ्या, याने पोटाला आणि किडनीला इजा होते. बीपी, किडनीचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत. उरलेली अँटिबायोटिकही मनाने घेऊ नये. उंच कॅप किंवा खराब नस तिने बरी होत नाही.

कुठं जायचं, काय विचारायचं?

पहिल्यांदा ज्यांनी कॅप बसवली त्यांच्याकडंच जा. जाताना जुना एक्स-रे, बिल आणि कॅपचं वॉरंटी कार्ड असेल तर ते न्या. दुखणं कधी होतं ते नेमकं सांगा: चावताना, गारने, गरमने की आपोआप. यावरून डॉक्टरांचं निम्मं निदान होतं. एक्स-रेमध्ये काय दिसलं हे समजावून मागा.

समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, ग्रामीण रुग्णालयात आहे का ते आधी विचारून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं कमी खर्चात तपासणी होते. आठवडी बाजारात दात बसवून देणाऱ्यांकडं मात्र जाऊ नका. दातांचं काम करायला बीडीएस पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी लागते. फलकावर ती दिसत नसेल तर विचारा.

काढणी असो की लग्नसराई, दाढेचं दुखणं आपल्या सवडीने थांबत नाही. दोन आठवडे झाले आणि ते कमी होत नसेल, तर एक दिवस मोडून दाखवून या.