बडोद्याचे पारशी विश्रामगृह

आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत जुन्या हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. प्रवाशांच्या उतारघराला आपल्याकडची जुनी माणसे मुसाफिरखाना म्हणत. असाच एक मुसाफिरखाना बडोदा संस्थानात होता. त्याची हकीकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिकारूपाने छापली. घरातल्या मुलांना ती वाचून दाखवावी, असे आम्हांला वाटते.

सप्टेंबर १९१७. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले सव्वीस वर्षांचे बाबासाहेब, कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यास उतरले. हिंदूंच्या हॉटेलात जात सांगावी लागणार, आणि सांगितली की दार बंद. पारशी लोक विटाळ मानीत नाहीत, या भरवशावर ते पारशी विश्रामगृहात गेले.

इमारत दुमजली होती. खाली म्हातारा रखवालदार कुटुंबासह राही. जागा फक्त पारशांसाठी, आणि येणाऱ्याचे नाव वहीत लिहावे लागे. पाहुणा हिंदू आहे हे कळताच तो नाही म्हणाला. पण बरेच दिवसांत गिऱ्हाईक आले नव्हते. रोजचा दीड रुपया जेवणखाणासह, आणि वहीत पारशी नाव, असे ठरले. गरज दोघांचीही होती.

वर एक लहान खोली आणि नळाची न्हाणी, बाकी सगळा मोठा दिवाणखाना. त्यात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या यांची अडगळ. दिवे नाहीत. संध्याकाळी रखवालदार एक कंदील आणून ठेवी. वटवाघळे फडफडत. बाबासाहेब दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत आणि रात्री त्या कंदिलाशी पुस्तक घेऊन बसत. आता बघा, वटवाघळांना ज्या घरात मज्जाव नव्हता, तिथे कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीधराला खोटे नाव घ्यावे लागले!

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. खोटे नाव घेऊन जागा बाटवली म्हणून शिव्या दिल्या. आठवडाभर राहू द्या, ही विनंतीही मानली नाही. संध्याकाळच्या आत निघून जा, असे बजावले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, त्याला घरचे नोकर सोडून जातील ही भीती. दुसरा ख्रिश्चन, तो म्हणाला बायकोला विचारतो. दोघांचाही नकार नम्रच होता; आमच्या मते तो काठ्यांपेक्षा जास्त लागणारा.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कमाटी बागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तिथे आपले लोक जमतात.

आठच्या सुमारास सामान घ्यायला गाडी दाराशी आली. रखवालदार बाहेर आला. बोलले कोणीच नाही. बाबासाहेबांनी त्याचे बिल चुकते केले आणि स्टेशनकडे निघाले.