वाटी दुखते म्हणजे वंगण संपलं असं नाही

एप्रिलच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका वहिनींनी आठ हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गुडघ्याला इंजेक्शन घ्यायचंय, वंगण संपलंय." वहिनींचं वय छत्तीस. या वयात वंगण कसं संपेल, असं आम्हाला वाटलं, पण आम्ही काही डॉक्टर नाही. म्हणून पैसे देण्याआधी एकदा नीट तपासून घेऊ, असं सुचवलं. वहिनी रागावल्या. "दुखतंय मला आणि ठराव करताय तुम्ही," असं बोलल्या. ते आम्हाला लागलं, कारण वर्षभर त्या सतरंजीवर पाय लांब करून बसायच्या आणि आम्ही त्यांची थट्टा करायचो.

शेवटी आमच्यातल्या दोघी त्यांच्यासोबत आधी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि मग फिजिओथेरपीच्या ताईंकडे गेलो. तिथं जे कळलं ते आज सांगतोय. हीच तक्रार गटागटांत आहे आणि लावणी आता दीड महिन्यावर आली.

आधी दुखणं ओळखू या. बोट ठेवून दाखवा म्हटलं तर एक जागा सापडत नाही, वाटीच्या मागे, सभोवती कुठंतरी दुखतं. जिना चढताना दुखतं, उतरताना जास्त. उकिडवं बसलं की कळ येते. एसटीत दोन तास गुडघे मुडपून बसलं तर उठताना पाय सरळ होत नाही. ना पडल्याचं आठवतं, ना सूज दिसते, आणि एक्स-रे काढला तर बहुतेक वेळा तो चांगलाच येतो. मग घरातले म्हणतात, फोटोत काही नाही, नाटक आहे. नाटक नाही. फोटोत हाड दिसतं, दुखणं दिसत नाही.

आता वाटीचं काम काय ते बघा. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू वाटीला धरून खाली नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. गुडघा वाकला, सरळ झाला की वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत खालीवर सरकते, विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशी. गुडघा जितका जास्त वाकलेला आणि त्यावर जितका भार, तितकी वाटी खाचेत दाबली जाते. हा दाब अभ्यासकांनी मोजलेला आहे. सपाटीवर चालताना तो आपल्या वजनाच्या साधारण निम्मा असतो, जिन्यावर सुमारे तिप्पट आणि खोल उकिडवं बसताना-उठताना सातपटीच्याही वर जातो. म्हणजे पन्नास किलोच्या बाईच्या वाटीवर चालताना पंचवीस किलो आणि उकिडवं बसून उठताना साडेतीनशे किलोच्या पुढे. डोक्यावर हंडा असेल तर तो वेगळा.

हा दाब वाईट नाही, गुडघा त्यासाठीच घडलेला आहे. आपल्या आज्या जन्मभर उकिडवं बसल्या. अडचण होते ती अचानक काम वाढलं की. दहा महिने घरात किंवा कंपनीत उभ्यानं काम, आणि जुलैत एकदम आठ दिवस रोपं काढायला वाफ्यात उकिडवं. किंवा बाळंतपणानंतर मांडीतली ताकद गेलेली आणि पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पाणी चढवणं. माचीवरून ठाकूरवाडीला उतरणाऱ्या बायकांना विचारा, प्रबळगड चढताना दम लागतो, पण गुडघा बोलतो तो उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो आणि कमरेच्या बाजूचे, बसायच्या जागेचे स्नायू कमजोर असले की गुडघा आत कलतो आणि वाटीच्या एका बाजूवर जास्त ताण येतो. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं, आणि तरुण मुलींतसुद्धा.

म्हणून वहिनींना सांगितलं ते असं: वंगण संपलेलं नाही, गुडघ्यावर पडणारं काम त्याच्या ताकदीपेक्षा जास्त झालंय. त्याला इंजेक्शन लागत नाही. थोडे दिवस काम कमी करायचं आणि ताकद वाढवायची.

कमी करायचं म्हणजे खाटेवर पडून राहायचं नाही. पडून राहिलं की मांडी आणखी बारीक होते आणि दुखणं परत येतं. कमी करायचं ते खोल वाकणं. भांडी घासायला उंच पाट घ्या. विळी ओट्यावर ठेवता येत नसेल तर सुरी वापरा. पाण्याचा एक मोठा हंडा आणण्याऐवजी दोन छोट्या कळश्या, दोन खेपा. संडासात भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, खर्च थोडा आहे. पनवेल स्टेशनचा पूल उतरताना कठड्याला धरा, पावलं लहान टाका. सपाटीवर चालणं सोडू नका.

आणि ताकदीसाठी व्यायाम. ताईंनी वहिनींना चार दिले.

पाठीवर झोपा, एक गुडघा मुडपा, दुसरा पाय सरळ ताठ करून जमिनीपासून दीड-दोन वीत उचला, पाच आकडे मोजा, हळू खाली ठेवा. मग कुशीवर वळून वरचा पाय सरळ ठेवूनच वर उचला, पाय पुढे येऊ द्यायचा नाही. हा सोपा वाटतो पण खरा हाच दमवतो. तिसरा, पाठीवर झोपून दोन्ही गुडघे मुडपून कंबर वर उचलायची. चौथा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. बसताना दोन्ही गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचे, एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. प्रत्येक दहा वेळा, मग थोडं थांबून पुन्हा, असं तीनदा. एक दिवसाआड. सोपं झालं की वाढवायचं, नाहीतर ताकद तिथंच थांबते.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. शून्य ते दहा अशी मनात पट्टी धरा, तीन-चारपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर समजा जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. फरक दिसायला सहा आठवडे, नीट बरं व्हायला तीन महिने किंवा जास्तही लागतात. तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणी कंटाळून सोडतात, वहिनींनीही सोडला होता. मग आम्ही ठरवलं की बैठकीच्या आधी सगळ्यांनीच करायचा. आता हप्ते गोळा होण्याआधी पंधरा जणी सतरंजीवर पाय वर करून पडलेल्या असतात, हसण्यानंच निम्मा व्यायाम होतो.

वाटीला लावायची चिकटपट्टी फिजिओथेरपीवाल्यांकडून शिकून घेतली तर सुरुवातीचे काही आठवडे बरं वाटतं, पण व्यायामाच्या बदल्यात नाही. बाम, शेक, जरूर करा. गोळ्यांबद्दल मात्र ऐका. दुखण्यावरच्या गोळ्या रोज महिनोन् महिने घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंडाला इजा होते, आणि रक्तदाब असलेल्या बायकांना धोका जास्त. नाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नका, त्यात काय आहे ते देणाराही सांगत नाही.

प्रत्येक गुडघेदुखी अशी नसते. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, गुडघा सुजून लाल-गरम झाला असेल, ताप असेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा चालताना एकदम निसटत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, पोटरी सुजून दुखत असेल, किंवा सकाळी हातापायांचे बरेच सांधे तास-तास आखडत असतील, तर व्यायाम नको, लगेच डॉक्टर. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासून घ्या, कधी कधी मूळ तिथं असतं. पन्नाशीच्या पुढच्या काकू-आज्यांच्या गुडघ्यात झीज असू शकते, पण त्यातही ताकदीचा व्यायाम हा पहिला उपाय आहे. आपल्या आशाताईंना विचारून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवून घ्या.

वहिनींनी कर्जाचा अर्ज मागे घेतला नाही, रक्कम बदलली. हजार रुपये, संडासातला दांडा आणि दोन उंच पाटांसाठी. तो ठराव एकमतानं झाला. यंदा रोपं काढायला त्या एक पाट शेतात नेणार आहेत.