ट्रॅक्टरचा हप्ता ठरवताना

ट्रॅक्टर घ्यायला गेलं की एजंट आधी विचारतो, "महिन्याला किती झेपेल?" आमचे सांगणे, आधी किमतीची घासाघीस करा, हप्त्याचे मागाहून. मग व्याज. 'फ्लॅट १० टक्के' ऐकायला गोड. ५ लाख कर्ज, ५ वर्षे मुदत. व्याज अडीच लाख, हप्ता १२,५०० रुपये. पण मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या ५ लाखांवर! घटत्या शिलकेवर मोजाल तर हाच दर सव्वासतरा टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय आपला पैसा उसाच्या बिलाला येतो, पगारासारखा एक तारखेला नव्हे. तेव्हा सहामाही हप्ता मागावा. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, ते लेखी घ्यावे. कोऱ्या कागदावर सही मागितली तर सरळ उठून यावे.