बीडच्या भाकरीतले लोह: ४५, ७३ आणि ९१

एका किलोत ४५ मिलिग्रॅम. ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणातील लोहाचा हा आकडा. प्रचलित वाणांत तो सुमारे ३० असतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ पासून काम करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांनी मिळून २०१८ मध्ये हा वाण दिला. बीड याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते.

फरक १५ मिलिग्रॅमचा. दोन वेळच्या भाकरीला पाव किलो पीठ धरले, तर पोटात जाणारे लोह साडेसात मिलिग्रॅमवरून सव्वाअकरावर जाते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. भाकरीतून भागणारा तिचा वाटा २६ टक्क्यांवरून ३९ टक्के होतो. लोह अंगी लागू न देणारे फायटेटही ग्रॅममागे ७ ऐवजी ४.१४ मिलिग्रॅम, म्हणजे ४१ टक्क्यांनी कमी. याची निकड राज्याच्या आकड्यांत दिसते: १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला.

अडचण हंगामाची आहे. परभणी शक्ती खरिपाची आणि बीडची भाकरी मुख्यतः रब्बीच्या ज्वारीची. खरिपाच्या ज्वारीला काढणीत पाऊस लागला की कणसे काळी पडतात, भाव पडतो. शिवाय खरिपाचे रान कापूस आणि सोयाबीनने घेतले आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,३७१ वरून ३,६९९ रुपये झाला, वाढ ९.७ टक्के. सोयाबीनची वाढ ८.९ टक्केच, पण ४,८९२ वरून ५,३२८ रुपये. टक्क्यांत ज्वारी पुढे असली, तरी दोन्ही पिकांतले अंतर क्विंटलमागे १,५२१ वरून १,६२९ रुपयांवर गेले. शेतकरी रुपये मोजतो.

आता बाजरी पाहा. साध्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीच्या सुधारित वाणाने गाठलेला आकडा इथे सुरुवातीचा आहे. याच विद्यापीठाच्या औरंगाबाद केंद्राने इक्रिसॅटच्या सहकार्याने दिलेल्या एएचबी १२०० मध्ये ७३ आणि एएचबी १२६९ मध्ये ९१ मिलिग्रॅम लोह आहे. बाजरी मुळातच खरिपाची, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या हलक्या रानात ती आजही पेरली जाते. बीडपुरता विचार केला तर लोहाचा जवळचा रस्ता बाजरीचा आहे, असे माझे मत आहे. एक मर्यादा मात्र आहे: बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, त्यामुळे दळण थोडे-थोडे आणि वारंवार लागते.

असे बियाणे गावोगावी पोचवायचे तर पैसा लागतो. त्याचा आकडा मोठा दिसतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुमारे ४,००० कोटींचा. त्यात बँकेचे कर्ज ७० टक्के. बीडसह १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावांत तो विभागला, तर गावामागे सरासरी ७८ लाख येतात, तेही काही वर्षांत मिळून. शेततळे, ठिबक, शेडनेट यांबरोबर बीजोत्पादनालाही त्यात अनुदान होते.

लोहाने समृद्ध बाजरीच्या बियाण्यात मात्र एक भेद आहे. ७३ आणि ९१ चे वाण संकरित, बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत २०१२ मध्ये दिलेली ‘धनशक्ती’ ७१ मिलिग्रॅमची, पण सुधारित वाण. तिच्या निवडक कणसांचे बी पुढच्या पेरणीला घरचेच चालते.