शंभर वल्ही, एक ठेका

सुगी सरली की आपल्या गावाला यात्रेचे आणि कुस्त्यांचे वेध लागतात. केरळातील कुट्टनाडच्या शेतकऱ्याला वेध लागतात ते पावसाळ्यातील नावांच्या शर्यतीचे. हा मुलूख भाताचा. तिथली पुष्कळ शेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. भोवती बांध घालायचा, आतले पाणी पंपाने उपसायचे, मगच भात करायचा. आपल्याकडे बैलगाडी करी ती कामे तिथे होडीने केली.

शर्यतीच्या नावेला ‘चुंडन वल्लम’ म्हणतात. लांबी शंभर फुटांच्या वर, मागचे टोक नागाच्या फण्यासारखे उंच. अंजिली या फणसाच्या जातीतील झाडाच्या लाकडाची ती करतात. जोडीजोडीने बसलेले ऐंशी-नव्वद वल्हेकरी, मागे सुकाणू सांभाळणारे आणि मधे ठेका देणारे असा हा संच. एवढा खर्च एकट्याला झेपत नाही. म्हणून गावकरी वर्गणी काढतात, नावेत भाग घेतात. नाव गावाची, ती वल्हवायला मात्र पुष्कळदा दुसऱ्या गावचे मंडळ येते. अशा मंडळाला तिथे ‘बोट क्लब’ म्हणतात.

१९५२ साली पंतप्रधान पंडित नेहरू तिकडे गेले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी शर्यत ठेवली होती. नडुभागम गावची नाव जिंकली आणि पंडितजी आनंदाने त्या नावेतच चढले! दिल्लीला परतल्यावर त्यांनी चांदीची छोटी नाव करंडक म्हणून पाठवली. तोच आजचा नेहरू करंडक. आलप्पुळ्याजवळच्या पुन्नमडा सरोवरात ही शर्यत होते.

आलप्पुळ्याजवळच्याच पल्लातुरुत्ती बोट क्लबचा पराक्रम ऐका. २०१८, २०१९, २०२२, २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ पाच शर्यती या मंडळाने जिंकल्या. (मधली दोन वर्षे कोरोनामुळे शर्यतच झाली नाही.) विशेष म्हणजे पाचही वेळा नाव निराळी होती. २०२४ साली कारिचाल नावेतून त्यांनी वीयपुरम नावेला मागे टाकले, ते सेकंदाच्या अवघ्या दोनशेव्या भागाने! एका वल्ह्याचा ठेका चुकला असता, तरी करंडक गेला असता.

हा ठेका एका दिवसात बसत नाही. शर्यतीआधी कित्येक दिवस मंडळी एकत्र सराव करतात, एका पंगतीला जेवतात. गडी कितीही दांडगा असो, त्याने मनाला येईल तसे वल्हे मारले तर नाव पुढे जात नाही, उलट अडते.

अलीकडे मात्र बक्षिसासाठी बाहेरून पैसे देऊन तयार वल्हेकरी आणण्याची चाल पडली आहे. तेव्हा परराज्यातील गडी किती घ्यावेत याला मर्यादा घालावी लागली. जाणत्यांची चिंता साधी आहे. वल्ही भाड्याची झाली, तर नाव गावाची कशी राहणार?

वाचकहो, आपल्या यात्रेतही आता सारे पैसे मोजून आणता येते. पण गावाने मिळून घाम गाळलेले असे आपल्याकडे काय उरले आहे, याचा विचार घरोघर व्हावा.