वॉर्साचा लढा

दुसरे महायुद्ध शिकविताना एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो : लाखो ज्यू मुकाट्याने मरणाच्या गाडीत चढले तरी कसे? प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. त्यात मेलेल्यांवरच ठपका आहे.

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे नाझींनी नोव्हेंबर १९४० मध्ये ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद केली. चार लाखांहून अधिक माणसे आत कोंडली गेली. २२ जुलै १९४२ पासून ‘पुनर्वसना’च्या नावाखाली दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक लोक ट्रेब्लिंका छावणीत नेऊन विषारी वायूने मारण्यात आले. स्वतःहून गाडीपाशी येणाऱ्यास पाव आणि मुरंबा मिळे. मारायला नेणारा शिदोरी बांधून देईल, हे उपाशी माणसाच्या मनात यावे कसे?

त्याच जुलैच्या अखेरीस तरुणांनी ‘ज्यू लढाऊ संघटना’ उभारली. पुढे तिचे नेतृत्व ऐन विशीतल्या मोर्देखाय आनिएलेविचकडे आले. भिंतीपलीकडून शस्त्रे लपवून आणणाऱ्यांत तरुण मुलीही होत्या. जानेवारी १९४३ मध्ये पुन्हा धरपकड सुरू झाली, तेव्हा काही लढवय्ये पिस्तुले लपवून पकडलेल्यांच्या रांगेत शिरले आणि इशारा होताच पहारेकऱ्यांवर तुटून पडले. चार दिवसांत ती मोहीम थांबली.

१९ एप्रिल १९४३ रोजी, वल्हांडणाच्या पूर्वसंध्येला, जर्मन सैन्य वस्ती नष्ट करण्यास आत शिरले. समोर सुमारे सातशे लढवय्ये. हाती पिस्तुले, हातबॉम्ब, पेट्रोलच्या बाटल्या आणि मोजक्या बंदुका. पहिल्या दिवशी सैन्याला मागे हटावे लागले. मग सेनाधिकारी श्ट्रोप याने घरामागून घर पेटविले. हजारो निःशस्त्र माणसे तळघरांत दडून राहिली, हुकूम होऊनही बाहेर आली नाहीत. आमच्या मते हाही लढाच होता. ८ मे रोजी मिवा रस्त्यावरील १८ क्रमांकाच्या तळघरात आनिएलेविच व त्याचे अनेक सोबती मरण पावले. १६ मे रोजी श्ट्रोपने मोठे सिनेगॉग सुरुंगाने उडवून मोहीम संपल्याचे जाहीर केले.

फुशारकीने त्याने छायाचित्रांसह अहवालही तयार केला. हात वर केलेल्या लहानग्या मुलाचे जगप्रसिद्ध छायाचित्र त्यातलेच. न्यूरेंबर्ग खटल्यात तोच अहवाल पुरावा ठरला. श्ट्रोपला १९५२ मध्ये वॉर्सातच फाशी झाली.

गटारांतून निसटलेल्यांपैकी मारेक एडेलमन पुढे हृदयरोगतज्ज्ञ झाला व २००९ पर्यंत जगला. शस्त्राविना गाडीत चढलेल्यांचे मरण लढणाऱ्यांच्या मरणापेक्षा कमी प्रतिष्ठेचे नव्हते, असे तो आवर्जून सांगे. १९ एप्रिलला तो वॉर्साच्या स्मारकापाशी पिवळी फुले वाहत असे.