मांगरात नेट

सिंधुदुर्गातल्या बागायतदाराच्या घरापासून जरा सुटा असा एक मांगर असतोच. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत नारळांची रास, सुपारीच्या गोणी, फवारणीचा पंप. कुडाळजवळच्या आमच्या गावी या मांगरातले नारळ एका कोपऱ्यात सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेत टेबल, खुर्ची आणि दोन मॉनिटर आले. पुतणी पुण्याच्या कंपनीचं काम गावी राहूनच करायचं ठरवून परतली होती. घरात बसून ते होईना. दिवसभर राबता असतो. कुकर, टीव्ही, ग्रामपंचायतीची कामं घेऊन दादाकडे येणारी माणसं. तिची मीटिंग रंगात आली की मागून “बसा हो, च्या घेवन जावा” हे पलीकडच्या सगळ्यांना ऐकू जायचं.

मांगरात शांतता होती, नेट नव्हतं. ओटीवरच्या राउटरपासून मांगराचं दार सत्तरेक मीटर. मध्ये सुपारीची बाग, एक पाट आणि एक गडगा. मोबाईलची रेंज सड्यावर गेलं तर मिळते. आमचं घर खाली घळीत.

असा प्रश्न पडला की प्रत्येकजण आधी वाय-फायचा रिपीटर आणतो. तोही आणून झाला. घराच्या मागच्या पडवीत लावला तेव्हा मांगरात फोनवर दोन कांड्या दिसायला लागल्या, आणि कांड्या दिसतात म्हणून सगळे खूश झाले. पण रिपीटर ज्या लहरींवर घरातून घेतो त्याच लहरींवर पुढे देत असेल, तर घेणं आणि देणं आळीपाळीनं होतं आणि वेग तिथेच निम्मा होतो. त्यात जुन्या घराची भिंत दीड फुटाची. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि पाणी या लहरी गिळतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कशाबशा पार होतात, ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याचशा भिंतीतच राहतात. बागेतली ओली पानं हेच काम आणखी थोडं करतात. उन्हाळ्यात बरं चाललेलं वाय-फाय जूनमध्ये का बसतं, याचं उत्तर कंपनीच्या टॉवरवर शोधण्याआधी भिंतीला हात लावून पाहावं.

दुसरा उपाय दोन टोकांना दोन छोट्या डिश लावून हवेतून पूल बांधण्याचा. पलीकडच्या वाडीत सड्यावरच्या एका घराला तो उत्तम चालतो. पण तिथे मध्ये नुसतं गवत आहे. या डिशना एकमेकींचं तोंड दिसावं लागतं, आणि नुसती एक सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. त्या रेघेभोवतीची जाड, मध्ये फुगलेली जागाही मोकळी लागते. वाऱ्यानं हलणाऱ्या पोफळींच्या बागेतून अशी जागा काढायची म्हणजे झाडं तोडायची. दादानं त्यावर उत्तरसुद्धा दिलं नाही.

राहिली वायर. इथे बहुतेकांचा समज असा की अंतराचा प्रश्न आहे. तो नव्हता. कॅट-६ ची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, आमचं काम वळसे धरूनही त्याच्या आत बसत होतं. दुकानात तर गुंडाळी बांधूनही झाली होती. (ही गुंडाळी घेताना तार चाकूनं खरवडून बघावी. वरून तांबं आणि आतून पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. स्वस्त असते आणि दोनदा वाकवली की तुटते.) केबल अडली ती विजेच्या कडकडाटावर.

कोकणात मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, भात कापणीच्या सुमाराला, दुपारनंतर जे गडगडतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीज थेट घरावर पडावी लागत नाही. जवळपास कुठे माडावर पडली तरी त्या क्षणी जमिनीत विजेचा दाब पसरतो, आणि तो घराखाली एक असतो, सत्तर मीटरवरच्या मांगराखाली दुसरा. या दोन जागा तांब्यानं जोडलेल्या असतील तर तो फरक मिटवायला प्रवाह तांब्यातून धावतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जाळून जातो. म्हणून तांब्याऐवजी फायबर: काचेच्या तंतूतून उजेड जातो, वीज जात नाही. वायरमननं हे ऐकलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, तो आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता: मग मांगरात लाइट नेलीय, ती कसली? तांब्याचीच. म्हणजे फायबर घातली तरी एक वाट उरतेच. त्यामुळे मांगराला वेगळं अर्थिंग आणि बोर्डात लाट अडवणारं उपकरण, दोन्ही आली. कोळसा-मिठाचा खड्डा खणला तो नेटसाठी पुढे खणलेल्या चरापेक्षा खोल होता. मांगरात पंपाची शेतीची जोडणीही होती, पण तिच्यावर ऑफिस चालवणं नियमात बसत नाही. लाइट घराच्या मीटरवरूनच आणलेली होती.

फायबरमध्येही एक गोम आहे. घरोघरी येणारी ती चपटी काळी केबल फोडली तर काचेच्या तंतूच्या दोन बाजूंना आधाराच्या दोन तारा असतात. काही केबलींत त्या पोलादाच्या असतात, काहींत काचतंतू आणि रेझिनच्या. पोलादी घेतली तर उंदीर-घुशींना जरा जड जाते, पण धातू पुन्हा दोन इमारती जोडतो. आम्ही बिनधातूची घेतली आणि घुशींचा बंदोबस्त पाइपावर सोपवला. वरून, माडांना बांधून नेली असती तर एका सकाळचं काम होतं. गावातली निम्मी फायबर तशीच लटकते. पण एक सुकं चुडत वरून आलं की केबल घेऊनच खाली येतं, आणि पावसाळ्यात चुडतं रोज पडतात.

म्हणून चर. हे काम जवळून बघितल्यावर मला वाटतं ते असं की घरापासून लांबच्या खोलीत इंटरनेट नेणं हे मुख्यतः मातीकाम आहे. संगणकातलं डोकं शेवटच्या अर्ध्या तासाला लागतं. फायबरच्या गुंडाळीपेक्षा खणण्याची मजुरी जास्त झाली, आणि ते योग्यच होतं. वरची तांबडी माती पिकावानं भराभर निघाली, मग कातळ लागला आणि गडी पहार घेऊन बसला. दीड फूट खोली धरली होती. कातळावर ती वीतभर झाली आणि तिथे पाइपावर सिमेंट ओतलं. उलट बागेतल्या वाटेखाली, जिथून नारळांची गाडी जाते, तिथे दोन फूट नेली.

पाइप काळा, एचडीपीईचा, ३२ मिलिमीटरचा, बागेला पाणी देण्यासाठी मिळतो तोच. अखंड गुंडाळी, मध्ये सांधा नाही. गवंडी कोपऱ्यावर एल्बो लावायला निघाला होता, त्याला थांबवावं लागलं. काटकोनातून केबल ओढली जात नाही, अडकते. पाइपाला ऐसपैस वळण द्यायचं. चर बुजवण्याआधी पाइपात नायलॉनची दोरी घातली. त्याची युक्ती मजेदार आहे. बारीक दोऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा बांधून एका तोंडात ठेवायचा आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनर लावायचा. बोळा सुळकन पलीकडे येतो. मग दोऱ्याला दोरी, दोरीला केबल. शिवाय केबलीबरोबर आणखी एक दोरी आत सोडून ठेवायची, पुढेमागे काही ओढायचं झालं तर.

मला वाटलं होतं दोन्ही तोंडं एम-सीलनं बंद केली की पाइप कोरडा राहील. तसं काही नसतं, असं चर खणणाऱ्या गड्यानंच सांगितलं. “काकानू, पाणी येतलाच. तेका जावक वाट ठेवा.” सत्तर मीटरच्या बंद पाइपात हवेतली वाफच थंड होऊन थेंब धरते. त्यामुळे पाइपाला पाटाच्या दिशेनं थोडा उतार दिला, सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक पाडलं आणि त्याखाली खडी घातली. भिंतीतली भोकंही आतून बाहेर उतरती पाडली. केबल भोकात शिरण्याआधी खाली एक झोल घेऊन वर चढते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. मांगराच्या बाहेरच्या पेटीत चारेक मीटर केबल जादा गुंडाळून ठेवली. टोक खराब झालं तर कापून पुन्हा जोडायला.

जोडणीला स्थानिक केबलवाल्याकडचा मुलगा आला. पाठीवरच्या सॅकमधून स्प्लायसिंगचं यंत्र निघालं आणि तो ओटीवर मांडी घालून बसला. केबलचं काळं साल, मग तंतूवरचा पातळ रंगीत लेप, मग अल्कोहोलच्या फडक्यानं पुसणं. उरते ती केसासारखी काच, १२५ मायक्रॉन जाडीची, आणि त्यातला उजेड वाहून नेणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. क्लीव्हरमध्ये ती ठेवून झाकण दाबलं की पात्याचा अगदी हलका ओरखडा उठतो आणि काच तिथे सरळ मोडते. ती कापायची नसते, मोडायची असते. तुटलेला तुकडा तो दर वेळी एका छोट्या डबीत टाकत होता. हा तुकडा दिसत नाही आणि बोटात गेला तर निघत नाही, त्यामुळे घरातल्या मांजरीला आणि चहा घेऊन आलेल्या वहिनींना, दोघींनाही त्यानं लांब ठेवलं. यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर आली, सरळ झाली, एक ठिणगी, आणि खाली उजेडाच्या घटीचा आकडा: ०.०२ डीबी. वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली की जोड पक्का.

या आकड्यामागचा इतिहास मला फार आवडतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काचेतली घट किलोमीटरला २० डीबीपर्यंत खाली आणता आली तर तिच्यातून दूरसंदेश पाठवता येतील. २० डीबी म्हणजे किलोमीटरभरानंतर शंभरातला एक भाग उरणं. त्या वेळच्या काचा याच्याजवळपासही नव्हत्या. १९७० मध्ये कॉर्निंगनं ती मर्यादा ओलांडली आणि काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज १३१० नॅनोमीटरच्या उजेडासाठी ही घट किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी आहे. आमच्या अख्ख्या चरातली काच मिळून जेमतेम ०.०३ डीबी खाते. टोकाच्या एका कनेक्टरवर धूळ बसली तर त्याच्या कितीतरी पट जातं. म्हणून तो मुलगा टोपण काढलं की पुसत होता, पुसलं की लगेच जोडत होता, आणि टोकात डोकावू देत नव्हता. आतला उजेड अवरक्त असतो. दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

मीटर लावून त्यानं पोचलेल्या उजेडाचे, डीबीएममधले, दोन आकडे दाखवले. कंपनीची लाइन घरात येते तिथे उणे १९, आमच्या चरातून मांगरात निघते तिथे उणे ७. पहिल्या लाइनीचा उजेड कित्येक घरांत वाटला गेलेला असतो, आणि दर वेळी दोघांत वाटला की ३ डीबी जातात. दुसरा आमचा एकट्याचा. मग लाल लेझरचं पेन एका टोकाला लावून तो केबलभर फिरला. भिंतीतल्या भोकाशी, जिथे केबल जरा जास्तच दुमडली होती, तिथे लाल ठिपका दिसला. वळण सैल केलं, ठिपका गेला.

उरलेलं पटकन झालं. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, एक ए आणि एक बी. एकाच तंतूतून एक १३१० वर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट, त्यामुळे जोडीच घ्यावी लागते. दोन ए आणले तर काहीच होत नाही. मांगरातल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट केलं, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम घरच्याच राउटरकडे राहिलं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच. ही सगळी खोकी १२ व्होल्टची नव्हती, एक कन्व्हर्टर ५ व्होल्टचा निघाला, त्यामुळे लाइट गेल्यावर चालण्यासाठी दोन वेगळे व्होल्टेज देणारा छोटा यूपीएस शोधावा लागला. तो दोन्ही टोकांना लागतो. मांगरातला चालू आणि ओटीवरचा बंद, याचा उपयोग शून्य. आणि आकाश भरून आलं की पुतणी चार्जर भिंतीतून काढते आणि बॅटरीवर काम करते. अर्थिंग केलंय म्हणून ही सवय सोडू नकोस, असं वायरमन तिला बजावून गेला होता.

केबल दोन कोअरची घेतली होती. एक कोअर वापरात, दुसरा दोन्ही टोकांना टोपण लावून पेटीत. हे दादाला कळलं तेव्हा त्यानं विचारलं, त्या दुसऱ्यावर बागेत कॅमेरा बसेल का? माकडं शहाळी पाडतात ती नेमकी कधी येतात ते त्याला ओटीवर बसून बघायचं होतं. कॅमेऱ्याला वेगळा कोअर लागत नाही, मांगरातल्या राउटरला पोर्ट रिकामे आहेत, असं पुतणीनं त्याला समजावलं. त्याला ते फारसं पटलं नाही. पैसे दोन कोअरचे दिलेत, मग माकडांना एक स्वतंत्र द्यायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं आहे.